न प्यालेली दारू

माझा नवरा दारूने गेला, असं आमच्या वस्तीत अजून सांगतात. ज्यांनी त्याला पाहिलं होतं त्यातले बरेच आता नाहीत, पण गोष्ट राहिली आहे. परवा एका मयतीला गेले होते. माझ्या पणतीच्या वयाची एक पोरगी, मला ऐकू येत नाही असं समजून, दुसरीला म्हणाली, "तेच बुढे ना वं, जे लोकांची दारू सोडवे अन् स्वतः चोरून पेये?" दुसरी म्हणाली, "हळू बोल, हे त्याईचीच बुढी होय."

मला चांगलं ऐकू येतं. घरी आले आणि पणतवाची कोरी वही मागून घेतली. माझं शिक्षण चौथीपर्यंत झालं आहे, तेवढ्यात जमेल तसं लिहिते. नाव कोणाचंच लिहिणार नाही. का, ते शेवटी येईल.

त्याने जन्मात दारूला तोंड लावलं नाही. नवऱ्याचं कौतुक म्हणून हे सांगत नाही. कौतुक करावं असा तो सगळ्या बाबतीत नव्हताही. हट्टी होता. जेवताना कोणाला बोलू द्यायचा नाही. आमच्याच लग्नात माझ्या भावाच्या तोंडाला वास आला, तर त्याला दंडाला धरून मांडवाबाहेर काढलं. माझी आई मरेपर्यंत ते विसरली नाही. पण जे नव्हतं ते नव्हतं.

घरात मी त्याला 'तुम्ही' म्हणत असे. इथे 'तो' लिहिते. तो गेला तेव्हा ज्या वयाचा होता, त्याहून मी आता फार म्हातारी आहे.

आम्ही जरीपटक्याच्या पलीकडे राहत होतो. तो सायकलने मिलमध्ये जायचा, मागावर होता. मी घरी बिड्या वळायची. साठ सालानंतर आमचं लग्न झालं, आणि त्याच वर्षी मी त्याचा पहिला झटका पाहिला. मी परातीत कणीक भिजवत होते. तो खाटेवरून खाली आला, डोळे पांढरे झाले आणि हातपाय जमिनीवर आपटायला लागला. मी ओरडणार तोच सासूने माझ्या तोंडावर हात दाबला. तिने आधी दार लावलं. कोनाड्यात एक कांदा नेहमी ठेवलेला असायचा, तो बुक्कीने फोडून त्याच्या नाकाशी धरायला माझ्या हातात दिला. "डोक्शाखाली लुगडं सरकव," म्हणाली, आणि स्वतः उखळापाशी बसून मुसळाने कुटायला लागली.

उखळात काहीच नव्हतं. रिकामं उखळ ती जीव खाऊन कुटत होती. हातपाय आपटल्याचा आवाज शेजारी जाऊ नये म्हणून. तो शांत झाला तेव्हा ती थांबली. घाम पुसत मला म्हणाली, "बाहेर कोणी इचारलं तं मिरच्या कुटून राहिलो होतो म्हणजो."

लग्नाआधी आम्हाला कोणी काही सांगितलं नव्हतं. मी सासूला विचारलं, "काहून लपवलं?" ती म्हणाली, "सांगतलं असतं तं तू आली असतीस का वं?"

आले नसते. ती बाई माझ्याशी फार खरं बोलली नाही, पण तेवढं खरं बोलली.

मिलमध्ये कळलं असतं तर त्याला घरी बसवलं असतं. चालत्या मागाजवळ पडणारा माणूस कोण ठेवेल? आणि वस्तीत मिरगी म्हणजे बाहेरची बाधा, नाहीतर घराण्यातली खोट. त्याच्या गडव्यातलं पाणी कोणी प्यालं नसतं. तेव्हा उखळ वाजत राहिलं. सासू गेल्यावर मी वाजवायला लागले.

तिच्या मागे मी त्याला डॉक्टरकडे नेलं. वस्तीतला दवाखाना नको, ओळखीचं कोणी दिसेल, म्हणून आम्ही धंतोलीपर्यंत जायचो. तिथे गोळी मिळाली. झटके कमी झाले, थांबले नाहीत. त्या गोळीने त्याच्या हिरड्या फुगायच्या. जरा जास्त झाली की जीभ जड व्हायची, चालताना तोल जायचा. लोक तेव्हाही बघायचे आणि एकमेकांकडे बघायचे. पण त्याच्याबद्दल बोलायची कोणाची छाती नव्हती.

कारण दारूच्या बाबतीत तो फार कडक होता. छप्पन साली दीक्षा झाली तेव्हा तो ऐन जवानीत होता. सगळ्यांनी मिळून जे सोडायचं ठरवलं त्यात दारूही होती. पुष्कळांची ती वर्षभरात परत आली. हा धरून बसला. चार पोरं घेऊन भट्ट्यांवर जायचा, मडकी फोडायचा, मोहाचा सडवा नाल्यात ओतायचा. नाल्यापलीकडे एक विधवा भट्टी लावायची. तिची मडकी त्याने कितीदा तरी फोडली. मी एकदा म्हटलं, "तिची लेकरं काय खातील?" म्हणाला, "बिड्या वळा म्हणा." बिड्या वळून काय पदरात पडतं ते मला ठाऊक होतं, त्याला नव्हतं.

त्या काळात प्रत्येक लग्नाला भंतेजी मिळत नसत. वस्तीतला एखादा जाणता उपासक नवरा-नवरीला त्रिशरण-पंचशील द्यायचा. तो एक ओळ म्हणणार, मग नवरा-नवरी आणि सगळा मांडव त्याच्या मागून म्हणणार. आमच्याकडे ते काम याच्याकडे होतं. आवाज भरदार होता, पांढरा सदरा घालून उभा राहिला की बरा दिसायचा. पाचवं शील दारू आणि नशेपासून दूर राहण्याचं. तिथे आला की तो मुद्दाम थांबायचा. मांडवात मागे उभ्या असलेल्या गड्यांवर नजर फिरवायचा आणि मग म्हणायचा. ते खाली बघत पुटपुटायचे. त्याचा सख्खा मोठा भाऊ, माझा जेठ, तोही त्यांच्यातच उभा असायचा.

आम्हाला एकच मुलगी. पहिलं मूल हाती लागलं नव्हतं. ही लहान असताना मांडवात त्याच्या मांडीला लागून बसायची. एकदा लग्नावरून घरी येताना म्हणाली, "बाबा, माह्या लगनातबी तुमीच म्हणजा."

"मंग कोन म्हनन वं? तुह्या लगनात मीच म्हनीन. मरून राहिलो असलो तरी उठून म्हनीन."

त्याला दुनियेकडून दुसरं काही हवं होतं, असं मला आठवत नाही. मिलमध्ये जॉबर, म्हणजे मुकादम, व्हायची खटपट त्याने केली नाही. घर पक्कं करायचं मनावर घेतलं नाही. हे एक मात्र तो दरवर्षी, लग्नसराई आली की, बोलून दाखवायचा.

ऐंशी सालानंतर धंतोलीच्या डॉक्टरने नवीन गोळी दिली. बाहेरून आली आहे, चांगली आहे, म्हणाला. खोटं बोलला नाही. झटके थांबले. हिरड्या बसल्या. चाल सरळ झाली, अंगावर मूठभर मांस आलं. मी सहा महिने वाट पाहिली, मग उखळ शेजारणीला देऊन टाकलं. ती म्हणाली, "मिरच्या कशात कुटशीन?" मी म्हटलं, "आता कमी खातो."

त्यानंतरच्या उन्हाळ्यात तो मिलमधून भर दुपारी परत आला. सायकल उभी केली नाही, अंगणात टाकून दिली. पोटाच्या वरच्या बाजूला दुखत होतं आणि ते दुखणं पाठीत घुसलं होतं. आडवं झालं की वाढायचं, म्हणून गुडघे पोटाशी घेऊन वाकून बसायचा. ओकाऱ्या थांबेनात. शेवटी हिरवं पाणी पडायला लागलं. जेठाने रिक्षा आणली आणि आम्ही त्याला मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं.

तिथला डॉक्टर पोरगेलासा होता. पोट दाबून पाहिलं, रक्त काढायला लावलं. दुसऱ्या फेरीला येऊन म्हणाला, "स्वादुपिंडाला सूज आहे." मी तो शब्द पहिल्यांदा ऐकला. पोटात मागच्या बाजूला असतं म्हणे, आणि बिघडलं की स्वतःलाच खायला लागतं. मग त्याने माझ्या नवऱ्याला विचारलं, "कधीपासून घेता?"

"काय?"

"दारू."

"घेत नाही."

"देशी की मोहाची?"

"डॉक्टरसाहेब, मी घेतच नाही."

"सगळे असंच सांगतात," डॉक्टर म्हणाला, आणि जेठाकडे वळला. "तुम्ही भाऊ ना? समजवा यांना. परत प्याले तर वाचणार नाहीत."

जेठ 'नाही' म्हणाला नाही. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. तो स्वतः घ्यायचा, धाकट्या भावाच्या धाकाने इतकी वर्षं लपून घ्यायचा. त्याच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं दिसलं. "समजावतो साहेब," म्हणाला.

दारूचं विचारून झाल्यावर डॉक्टरने दुसरं काही विचारलं नाही. मी पुढे होऊन गोळीचं सांगणार होते. नवऱ्याने माझं मनगट धरलं. त्या दुखण्यातही हाडं मोडतील इतक्या जोराने धरलं. आजूबाजूच्या दोन खाटांवर आमच्याच भागातली माणसं होती.

पोटाला आराम म्हणून त्याला पाण्याचा थेंबही द्यायचा नव्हता. नाकातून नळी, हातात सलाईन. तोंडाने काहीच नाही, म्हणजे गोळीही नाही. दोन-तीन दिवसांनी दुखणं उतरलं, आणि भेटीच्या वेळेला, सगळा वॉर्ड माणसांनी भरलेला असताना, त्याला झटका आला. खाट खडखडायला लागली. सलाईनची बाटली हलत होती. तिथे कुटायला उखळ नव्हतं. मला वाटलं, संपलं, आता सगळ्यांना कळलं.

सिस्टर धावत आली. तिने त्याला कुशीवर केलं, डॉक्टरला हाक मारली, मग मला म्हणाली, "पाहिलं ना बाई? दारू सुटली की असे झटके येतात. आता तरी कबूल करा."

वॉर्डभर माना हलल्या. कोणी तरी म्हणालं, "हाव, माह्या साळ्यालेबी असेच आले होते." मिरगी सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिली आणि ती दारू म्हणून घरोघर गेली.

दुसऱ्या दिवशी नाल्यापलीकडची भट्टीवाली बघायला आली. हातात दोन संत्री. खाटेच्या पायथ्याशी उभी राहून तिने त्याला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं.

"काहो भाऊ, प्याचीच होती तं माह्याकडून न्याची. शेजारधर्म म्हणून चांगली देली असती."

"म्या पेलो नाही, बाई."

"हाव. माहा नवराबी हेच म्हणे. जीव गेला तवाबी हेच म्हणून राहिला होता." मग तिचा आवाज चढला. "अन् प्याचीच होती तं माहे मडके काहून फोडले गा?"

शेजारच्या खाटेवरचा माणूस पोटाला टाके असून हसला. माझा नवरा छताकडे बघत राहिला. ती जाताना संत्री माझ्या हातात देऊन गेली. मला तिचा राग आला नाही. तिला बोलायचा हक्क होता, फक्त ज्यासाठी बोलली ते खोटं होतं.

घरी आल्यावर त्याने गोळी परत सुरू केली. न करून काय करणार? त्या हंगामात वस्तीत बरीच लग्नं होती. विहारातले दोघे-तिघे येऊन बसले, चहा प्याले आणि उठताना म्हणाले, "भाऊ, तुम्ही तब्येत सांभाळा. यंदा दुसऱ्या कोणाले सांगतो." तो म्हणाला, "सांगा." मांडवातून लाऊडस्पीकरवर पंचशील ऐकू यायचं तेव्हा तो दार लावून घ्यायचा. पूर्वी आमचं दार त्याच्या झटक्यांसाठी लागायचं.

पावसाळा संपता संपता तेच दुखणं पुन्हा आलं. तोच दवाखाना, तोच वॉर्ड. वॉर्डबॉयने ओळखलं आणि म्हणाला, "आले का परत? सुटत नाही ना?"

या वेळी डॉक्टरीणबाई होती. वयाने लहान, पण घाई करणारी नव्हती. तिने मला बाहेर व्हरांड्यात बोलावलं. आजूबाजूला कोणी नाही असं पाहून म्हणाली, "मावशी, ते पितात का हे मी विचारत नाही. ते दुसरं काय काय घेतात ते सांगा. काढा, पुडी, गोळी, काहीही."

मी विचारलं, "सांगितलं तर तुम्ही कोणाला सांगाल?"

"तुम्ही नको म्हणालात तर नाही."

मग मी सांगितलं. धंतोलीचा डॉक्टर सोडला तर इतक्या वर्षांत पहिल्यांदा 'मिरगी' हा शब्द मी बाहेरच्या माणसापुढे उच्चारला. गोळी कधी सुरू झाली, कधी बंद पडली, परत कधी घेतली, तिने सगळं विचारून घेतलं. दुसऱ्या दिवशी गोळीची पट्टी मागवून घेतली आणि संध्याकाळी पुन्हा मला बाहेर नेलं.

"ही गोळी पुष्कळ लोक घेतात, त्यांना काही होत नाही," ती म्हणाली. "पण एखाद्याचं स्वादुपिंड हिने सुजतं, असं बाहेरच्या डॉक्टरांनी लिहिलं आहे. तुमच्या मिस्टरांचं हिच्यामुळेच झालं असं मी छातीठोक सांगणार नाही. पण गोळी थांबली तेव्हा बरे झाले, सुरू केली आणि परत सुजलं. आता ही बंद. जुनी घ्या, तिचा त्रास सहन करा."

"मग दारू नाही ना?"

"मला नाही वाटत."

"त्यांच्या भावाला सांगाल हे? विहारातल्या लोकांना?"

"सांगते की. पाठवा माझ्याकडे."

मी आत गेले तेव्हा माझे पाय जमिनीला लागत नव्हते. वाकून त्याच्या कानाशी सगळं सांगितलं. मला वाटलं, उठून बसेल. त्याने आधी शेजारच्या खाटांकडे पाहिलं. मग म्हणाला, "गोळीनं झालं म्हणून सांगशीन. लोक म्हणतील, कायची गोळी? मंग काय सांगशीन?"

"काही पण सांगू. बीपीची म्हणू."

"अन् डॉक्टरीणले कोणी इचारलं तं? ते खोटं बोलन का तुह्यासाठी?"

"मंग खरंच सांगू. तुमचं नाव तं सुटन."

तो माझ्याकडे वळला. "पोरीचं जमून राहिलं हाये, इसरली का तू?"

विसरले नव्हते. मुलगी मास्तरकीचं शिकत होती. प्रतापनगरच्या एका घरातून विचारणं झालं होतं. मुलगा कचेरीत होता, घर स्वतःचं होतं. मुलगी पसंत पडली होती, फक्त बोलणी बाकी होती.

"दारुड्याची पोरगी लोक करून घेतात," तो म्हणाला. "मिरगीवाल्याची करत नाहीत. तुले आमच्या घरात कशी आणली होती, माहीत नाही का?"

डॉक्टरीणबाईकडे मी कोणालाच पाठवलं नाही. तिने एकदा विचारलं, मग विचारलं नाही.

दिवाळीनंतर प्रतापनगरचे लोक बोलणीला आले. मुलाचा बाप, आई आणि एक मामा. मी पोहे केले होते. जेठ होताच. मी ताटल्या देऊन दाराशी उभी राहिले, मुलगी आतल्या खोलीत भिंतीला लागून ऐकत होती. इकडचं तिकडचं झालं. मग मुलाच्या बापाने बशी खाली ठेवली.

"ऐकण्यात आलं, तुम्ही दोनदा भरती होतात."

"हो."

"पोटाचं?"

"हो."

"ते... घेण्यामुळे?"

माझ्या नवऱ्याने ताटली बाजूला सरकवली. पाहुणा समजुतीने म्हणाला, "हे बघा, लपवायचं काही कारण नाही. माझे वडीलही घेत होते. कोणत्या घरात नाही? ते आम्ही समजू शकतो. फक्त दुसरं काही नसावं. कोड म्हणा, मिरगी म्हणा. असलं रक्तातून उतरतं. आम्हाला कोणी सांगत होतं की दवाखान्यात झटके आले होते."

कोणी पोहे खात नव्हतं. आत बांगड्यांचाही आवाज नव्हता. मी नवऱ्याकडे बघत होते. अर्ध्या वस्तीसमोर ज्याने सख्ख्या मेव्हण्याला बाहेर काढलं, मडक्यांमागे मडकी फोडली, तो खाली चटईकडे बघत म्हणाला, "ते दारूचे झटके. डॉक्टरच बोलले. सुटली की येतात."

"किती वर्षं घेत होतात?"

"लय वर्षं."

मुलाच्या आईने पदर तोंडाला लावला. "अन् लोकांची सोडवत होते म्हणे!"

सगळे हसले. जेठ हसला. माझा नवराही हसला. दारूच्या गोष्टीवर तो कधी हसला नव्हता, त्याला ते नीट जमलंही नाही.

पाहुणा मोकळा झाला. त्याने पोहे परत उचलले. "मग आमच्याकडून काही नाही. एकच विनंती. राग मानू नका. लग्नात शील तुम्ही देऊ नये. आमच्याकडची मंडळी येतील, कुजबुज होईल."

"नाही देणार," तो म्हणाला.

पाचवं शील त्याने मोडलं नव्हतं. चौथं खोटं न बोलण्याचं आहे, ते त्या दिवशी आमच्या चटईवर बसून मोडलं. नंतर मुलगी बाहेर येऊन पाया पडली, पाहुण्यांच्या, आणि मग बापाच्या. तो तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेला आणि अर्ध्यातून मागे घेतला.

लग्नात शील कोणी दिलं असेल? जेठाने. आधी पानाने तोंड लाल करून आला होता, म्हणजे वास येऊ नये. नवरदेवाकडच्यांना त्याचा आवाज आवडला. माझा नवरा मांडवाच्या मागच्या बाजूला, पाण्याच्या ड्रमापाशी उभा होता. तिथे नेहमी खाली बघणारे गडी उभे असायचे, ते याला जागा करून देत होते. एक जण म्हणाला, "या भाऊ, आता आपलेच तुम्ही." त्याने जेठाच्या मागून एकेक ओळ म्हटली. पाचव्याला जेठ थांबला नाही, भरभर म्हणून पुढे गेला. मुलीने तेवढ्यात मान वळवून मागे पाहिलं. बापाने तिला हाताने खूण केली, समोर बघ म्हणून.

जुनी गोळी परत सुरू झाली होतीच. हिरड्या पुन्हा फुगल्या, जीभ जड झाली, पाय वाकडे पडायला लागले. झटके परत आले. आता तर कोणाला शंकाच उरली नव्हती, तो सरळ चालला असता तर नवल झालं असतं. मिल त्याने स्वतःच सोडली.

मुलीला मुलगी झाली त्याच्या पुढच्या हिवाळ्यात, एका सकाळी, शेजारचा पोऱ्या सांगत आला की बुढे बाजारात पडले आहेत. मी गेले. गुत्त्याच्या समोरच पडला होता. तोंडाला फेस, धोतर ओलं. माणसं पिशव्या घेऊन बाजूने जात होती. एक जण म्हणाला, "सकाळीच?" दुसरा म्हणाला, "रातची असन." त्याचं डोकं नालीच्या दगडावर आपटत होतं आणि कोणी खाली वाकलं नव्हतं.

मी बसले, डोकं मांडीवर घेतलं. समोर भाजीवाला होता. सवयीने तोंडातून निघालं, "बापा, एक कांदा दे."

तो म्हणाला, "मावशी, कांद्यानं नाही उतरत. लिंबू न्या."

तेव्हा माझं डोकं फिरलं. मुलीचं लग्न झालं होतं, मूल झालं होतं, आता कोणासाठी गप्प बसायचं? मी ओरडले. "मिरगी हाये त्याईले! दारू नाही, मिरगी! लगनाच्या आधीपासून हाये! एक थेंब पेले नाही ते कधी!"

सगळे थांबले. क्षणभर मला वाटलं, पोचलं. मग गर्दीतली एक म्हातारी पुढे आली, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि प्रेमाने म्हणाली, "राहू दे माय. आमच्या घरीबी होता असाच. लाजेपायी काय काय सांगा लागते बाईमाणसाले." बाकीचे चालायला लागले. भाजीवाल्याने कांदा दिला, वर एक लिंबूही टाकलं.

तीन-चार दिवसांत मुलगी आली. पोरीला कडेवरून उतरवलं नाही, तशीच उभी राहून विचारलं, "आई, बाजारात काय बोलली तू?"

"खरं बोलली."

"माह्या सासरी गेलं तं? माह्या या पोरीचं उद्या काय? लोक म्हणतील आजोबाले होती." तिने पोरीला दुसऱ्या कडेवर घेतलं. "तू सांग सगळ्याईले, दारूच होती. तसंही त्याईले तेच वाटते."

मी म्हटलं, "तुह्या बापानं तुह्यासाठी—"

"माहीत हाये मले! मी आतच होती ना त्या दिवशी!"

तो खाटेवर पडून ऐकत होता. जड जिभेने म्हणाला, "बरोबर म्हंते ते." मग हात पुढे केला. "नातीले दे इकडे." मुलीने दिली नाही. झटका आला तर हातातून पडेल, म्हणाली. तिला ते नीट माहीत होतं.

त्यानंतर तो थोडीच वर्षं होता. छातीत दुखून गेला, बसल्या जागी. शोकसभेत जेठ उभा राहिला. माझा भाऊ मोठ्या मनाचा होता, एका व्यसनाने घात केला, तरुणांनी धडा घ्यावा, असं म्हणाला. टाळ्या वाजत नाहीत अशा ठिकाणी, नाहीतर वाजल्या असत्या. मी पुढच्या ओळीत बसून ऐकलं.

मुलगी आता नोकरीतून निवृत्त झाली. तिच्या मुलांची लग्नं झाली, त्यांनाही मुलं झाली. कोणाला एक झटका आला नाही. मी लिहिते आहे हे तिला सांगितलं. तिने वहीची पानं उलटून पाहिली. मग म्हणाली, "लिही. पण नाव नको टाकू. बाबांचंही नको."

म्हणून टाकलं नाही. मयतीतली ती पोरगी कदाचित हे वाचेल, तिला वाईटही वाटेल, आणि हे तेच बुढे, हे तिला कळणार नाही.